मुंबई–न्यूयॉर्क: अंतर एकच, मग जाताना सोळा तास आणि येताना साडेचौदा कसे?

सायली_कोथरूड

नमस्कार मंडळी.

आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेला निघालेत. बहीण न्यू जर्सीत एडिसनला असते. मार्चमध्ये जायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचं असं ठरतंय. दोघंही सत्तरीच्या आसपास. तिकीट अजून काढलेलं नाही.

बाबा गणिताचे निवृत्त शिक्षक. तारखा ठरायच्या आधी त्यांनी वही काढली. मुंबई ते न्यूअर्क अंतर साधारण १२,५५० किमी असं सगळीकडे दिसतं. विमानाचा वेग ताशी ९०० किमी धरला की उत्तर येतं चौदा तास. तिकिटांच्या साइटवर मात्र थेट विमानाला सोळा तास किंवा त्याहून जास्त दाखवतात, आणि त्याच दोन गावांमध्ये परत येताना साडेचौदाच्या आसपास. बाबा म्हणतात, अंतर तरी वेगळं असलं पाहिजे नाहीतर वेग तरी. दुसरं म्हणजे, भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्क मुंबईच्या पश्चिमेला, थोडंसं वर दिसतं. मग विमान आइसलँडच्या बाजूने कशाला जातं?

आणि हा माझा प्रश्न: या वयात थेट पाठवावं की मध्ये कुठेतरी उतरून? घरात दोन तट पडलेत. ज्यांनी आपल्या आई-वडिलांना असं पाठवलंय त्यांनी लिहाच, आणि ज्यांना विमानांमधलं कळतं त्यांनी बाबांसाठी लिहा. ते हा धागा स्वतः वाचणार आहेत.

गणिती

सरांना नमस्कार सांगा. त्यांचं अंतर बरोबर आहे आणि भागाकारही बरोबर आहे. आधी अंतराचं बघू, कारण ते शुद्ध भूमितीचं काम आहे.

मुंबई विमानतळ १९.१ अंश उत्तर, ७२.९ अंश पूर्व. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ४०.६ अंश उत्तर, ७३.८ अंश पश्चिम. म्हणजे रेखांशांतला फरक १४६.७ अंश. आता पृथ्वीच्या केंद्राशी या दोन गावांमध्ये होणारा कोन काढायचा. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, अधिक दोन्ही अक्षांशांचे कोसाइन गुणिले रेखांश-फरकाचा कोसाइन. पहिलं पद ०.२१३ येतं, दुसरं उणे ०.६००. बेरीज उणे ०.३८७, आणि ज्याचा कोसाइन एवढा तो कोन ११२.७ अंशांचा. एका अंशाला १११.२ किमी. गुणाकार साडेबारा हजारांच्या थोडा वर जातो. न्यूअर्क आणखी जरासं पश्चिमेला, म्हणून तिथे १२,५५० ते १२,५६०. सर वहीत करून बघतीलच.

पृथ्वीवर कुठल्याही दोन ठिकाणांमधलं जास्तीत जास्त अंतर २०,००० किमीच्या आसपास असू शकतं, कारण पूर्ण परीघच ४०,००० आहे. म्हणजे आई-बाबा शक्य असलेल्या सगळ्यात लांब प्रवासाच्या जवळजवळ ६३ टक्के एका दमात जाणार.

आता आइसलँड. घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा मुंबईवर धरा, दुसरं टोक न्यूयॉर्कवर, आणि ताणा. दोरा आपोआप उत्तरेला सरकतो. मी ही रेषा आकडेमोड करून तपासली आहे: मुंबईहून वायव्येला निघून सिंध, कंदाहारच्या बाजूने तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, मॉस्कोच्या अगदी जवळून, हेलसिंकीच्या थोडं वरून, मग आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिण टोक, लाब्राडोर आणि खाली न्यूयॉर्क. सर्वांत उत्तरेचा बिंदू साधारण ६४.७ अंशांवर, फेरो बेटांच्या उत्तरेला येतो.

भिंतीवरचा नकाशा मर्केटर पद्धतीचा असेल तर त्यावर पट्टीने सरळ रेघ ओढा. त्या रेघेवरून खरोखर उडालं तर अंतर भरतं १४,२०० किमी. सोळाशे किमी जास्त. सपाट कागदावर जी वाट सरळ दिसते ती गोलावर वाकडी असते. मला दहावीला कुणी हे गोल घेऊन दाखवलं असतं तर भूगोल मी वेगळ्याच आवडीने वाचला असता.

रेवदंडेकर

वाचतोय. सुंदर प्रतिसाद, गणिती. पण ही भूमिती झाली. विमानं या रेषेवरून जातात का खरंच? रशिया, पाकिस्तान, अफगाणिस्तान सगळं वाटेत आहे.

आकाशवाट

रेवदंडेकर, नेमका प्रश्न. रेषा भूमिती आखते, पण तिच्यावरून उडायची परवानगी देश देतात.

रशियाचं हवाई क्षेत्र २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद आहे. भारतीय कंपन्यांना ते खुलं राहिलं. याचा परिणाम लगेच दिसला होता: मार्च २०२२ मध्ये एका मोठ्या अमेरिकी कंपनीने न्यूअर्क–मुंबई थेट सेवा थांबवली. वळसा घालून जायचं तर ते परवडेना.

मग एप्रिल २०२५. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिलला पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं, भारतानेही ३० तारखेला पाकिस्तानी विमानांना. ही बंदी मग महिन्या-महिन्याने पुढे जात राहिली. याआधी २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून १६ जुलैपर्यंत असंच झालं होतं.

या बाबतीत मुंबई दिल्लीपेक्षा सुदैवी आहे. नकाशावर दिल्ली न्यूयॉर्कला जवळची: ११,७५० किमीच्या आसपास, आपल्यापेक्षा सात-आठशेने कमी. पण दिल्लीच्या विमानाला पश्चिमेला जायचं तर पाकिस्तान समोरच उभा. त्याला आधी नैर्ऋत्येला उतरून अरबी समुद्रावर यावं लागतं आणि मग पश्चिमेला वळावं लागतं. मुंबईचं विमान उडताक्षणी समुद्रावरच असतं. समजा मुंबईहून इस्तंबूलच्या वरून न्यूयॉर्कला गेलं, तर अंतर १२,८७० च्या आसपास होतं. सरळ रेषेपेक्षा फक्त तीनशे-साडेतीनशे जास्त. प्रत्यक्षातली वाट आणखी वाकडी-तिकडी होते, तेरा हजारांच्या पुढेमागे धरा.

म्हणून पहिली दुरुस्ती: सरांनी १२,५५० ऐवजी १३,००० घ्यावेत.

उड्डाण_नियोजन

विमानकंपनीच्या नियोजन कक्षात बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही. थोडं लांब लिहितो.

तिकिटावरची वेळ म्हणजे हवेतली वेळ नव्हे. विमान दारापासून मागे सरकतं तेव्हा घड्याळ सुरू होतं आणि दुसऱ्या गावी दाराशी येऊन उभं राहतं तेव्हा थांबतं. मुंबईत मध्यरात्रीनंतर विमानांची रांग असते, न्यूअर्कला सकाळी असते. दोन्हीकडची धावपट्टीपर्यंतची ये-जा मिळून अर्धा ते पाऊण तास इथेच जातो. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, त्याची दहा-पंधरा मिनिटं वेगळी.

आता वेग. लांब पल्ल्याचं विमान आवाजाच्या वेगाच्या साधारण ८४ टक्क्यांनी जातं. त्या उंचीवर हवा उणे ५०-५५ अंशांपर्यंत थंड, तिथे आवाजाचा वेगच ताशी १,०६० किमीच्या आसपास. त्याचे ८४ टक्के म्हणजे ८९०. सरांचे ९०० जवळजवळ बरोबर. पण हा वेग *हवेच्या तुलनेत* आहे, जमिनीच्या नाही. सगळी गोम इथे आहे.

नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात ते. त्यांच्या गाभ्यात ताशी दोनशे किमी सहज असतं, हिवाळ्यात त्याहूनही बरंच जास्त. कृष्णेच्या धारेविरुद्ध पोहणारा हात तेवढेच मारतो, पण काठावरचं झाड हळू मागे पडतं. विमानाचं तसंच होतं. मुंबईहून जाताना अख्ख्या वाटेवर सरासरी ६० किमीचा विरोधी वारा धरला तर जमिनीवरचा वेग राहतो ८३०. तेरा हजार भागिले ८३० म्हणजे पावणेसोळा तासांच्या जरा आत. दारापासून दारापर्यंतचा वेळ मिळवा, सोळा ओलांडलेच. परत येताना तोच वारा पाठीशी. सरासरी ५० चा आधार मिळाला तर वेग ९४०, वेळ पावणेचौदा, अधिक जमिनीवरचा पाऊण तास.

आम्ही कक्षात एक वेगळंच अंतर वापरतो: विमानाने हवेतून किती कापलं ते. वरच्या उदाहरणात जाताना जमिनीवर तेरा हजार, पण हवेतून जवळजवळ चौदा हजार. येताना जमिनीवर तेच तेरा हजार आणि हवेतून साडेबारा हजारांच्याही आत. इंधन या दुसऱ्या आकड्यावर जळतं. म्हणून आमच्यासाठी मुंबई–न्यूयॉर्क आणि न्यूयॉर्क–मुंबई हे दोन वेगळे पल्ले आहेत.

नियोजक रोज नवा मार्ग काढतो. वाऱ्याचा अंदाज येतो, त्यावरून वारा टाळून थोडं लांबून जावं की वाऱ्यातून सरळ घुसावं हे ठरतं. काल आइसलँडवरून गेलेलं विमान आज पाचशे किमी दक्षिणेने गेलं तर घाबरू नका.

मोगरा२१

> काल आइसलँडवरून गेलेलं विमान आज पाचशे किमी दक्षिणेने गेलं तर

हे पटायला मला जड जातंय. जास्त अंतर कापून कमी वेळ लागणं हे पुस्तकात ठीक, पण एवढ्या लांबच्या प्रवासात शेकडो किमीचा वळसा खरंच फायद्याचा होऊ शकतो का? इंधनाचा खर्च तरी वाढणारच ना?

उड्डाण_नियोजन

मोगरा, याचं आपल्याच देशातलं ठळक उदाहरण आहे. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को. एअर इंडियाची ही सेवा आधी अटलांटिकवरून जायची, सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी विमान उलट्या दिशेने, प्रशांत महासागरावरून नेलं. अंतर झालं सुमारे १५,३०० किमी, म्हणजे चौदाशे किमी जास्त. वेळ लागला साडेचौदा तास, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी. दिल्लीतून पूर्वेला निघालं की चीन, जपान, प्रशांत महासागर, सगळीकडे वारा पाठीशी. दोन तास कमी उडालं म्हणजे इंधनही वाचलं. परत येताना मात्र अटलांटिकवरून येत, म्हणजे पुन्हा पूर्वेलाच, वारा तेव्हाही पाठीशी.

न्यूयॉर्कला जाताना मात्र हा उपाय नाही. पूर्वेकडून गेलो तर वळसा इतका मोठा होतो की कुठलाही वारा तो भरून काढणार नाही.

अटलांटिकवरचं अलीकडचं उदाहरण: फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या वाऱ्यावर एक जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. एरवी साडेसहा तासांच्या आसपास लागतात. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० च्या वर गेला होता आणि तरीही त्याने आवाजाचा वेग ओलांडला नव्हता, कारण भोवतीची हवाच त्याच्याबरोबर धावत होती.

सायली_कोथरूड

किती मनापासून लिहिताय सगळे. बाबांनी कालचे सगळे प्रतिसाद दोनदा वाचले आणि आज सकाळी मला बोलावून एक गणित दाखवलं, ते तसंच देते.

अंतर १२,६०० धरा, वेग ९००. वारा नसेल तर जायला १४, यायला १४, एकूण २८ तास. आता ताशी १०० चा वारा. जाताना ८०० ने: १५ तास ४५ मिनिटं. येताना १,००० ने: १२ तास ३६ मिनिटं. बेरीज २८ तास २१ मिनिटं. म्हणजे जाताना गमावलेलं येताना पूर्ण मिळत नाही, एकवीस मिनिटं वाऱ्याने कायमची घेतली. बाबा म्हणाले, विरोधी वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो म्हणून. त्यांचे डोळे चमकत होते.

आता कृपया माझ्या प्रश्नाकडे या. थेट की तोडून?

जर्सीकर

सायली, माझे आई-वडील, मग सासू-सासरे, असे सगळे येऊन गेलेत, त्यावरून सांगतो.

लोक दुबई, दोहा, अबूधाबीला ‘मध्ये’ उतरू म्हणतात. ते मध्ये नाहीच. मुंबई–दुबई १,९३० किमी, दुबई–न्यूयॉर्क ११,०२० किमी. बेरीज १२,९५०, म्हणजे सरळ अंतरापेक्षा फक्त चारशे जास्त. वाट अजिबात वाकडी नाही. पण तीन तास बसायचं, उतरायचं, मोठ्या विमानतळावर दुसऱ्या दारापर्यंत चालायचं, सुरक्षा तपासणी, आणि मग पुन्हा चौदा तास सलग बसायचं. सोळाचे चौदा झाले, एवढंच. त्या दोन तासांसाठी मधल्या रात्रीची झोप जाते.

खरंच प्रवास अर्धा-अर्धा करायचा असेल तर युरोप. मुंबई–लंडन ७,२०० किमी, लंडन–न्यूयॉर्क ५,५४०. मुंबई–फ्रँकफर्ट ६,५७०, तिथून न्यूयॉर्क ६,१९०. दोन्ही बाबतींत बेरीज साधारण पावणेतेरा हजार. दोन्ही तुकडे आठ-नऊ-दहा तासांचे. गुडघे, पाठ, लघवीचा त्रास असलेल्यांना हे जास्त सुसह्य. तुमच्या पालकांकडे अमेरिकेचा चालू व्हिसा असणारच. तो असला की शेंगेन देशांत (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांत, जसं जर्मनी) विमानतळावर विमान बदलायला वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी एकदा तपासा.

अबूधाबीचा एक फायदा मात्र खरा आहे. तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन आधीच करून घेतात. न्यूयॉर्कला उतरल्यावर रांग नाही, सामान घ्या आणि बाहेर. दमलेल्या म्हाताऱ्या माणसांना तासभर उभं राहावं लागत नाही हे मोलाचं आहे. पण मग अबूधाबीला दोन विमानांमध्ये किमान तीन तास ठेवा.

कऱ्हाडची_वाट

मी थेटच्या बाजूने. माझ्या आईला इंग्रजी येत नाही. दोन विमानतळांमध्ये एक तिसरा आणला की तिला त्याचीच धास्ती आधीचे पंधरा दिवस. थेट विमानात मुंबईत बसवलं की ती थेट नातवापाशी उतरते. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागायची, ती दोन्हीकडे मिळते, इमिग्रेशनलाही सोबत माणूस असतो. चालता येत असलं तरी मागायची, त्यात कमीपणा काही नाही. एवढ्या लांबच्या टर्मिनलमध्ये तरुण माणूस दमतो.

उड्डाण_नियोजन

थेटबद्दल एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. एवढ्या पल्ल्यावर इंधनाचं गणित फार घट्ट असतं.

बोइंग ७७७-३०० ईआरच्या टाक्यांत सुमारे १,८१,००० लिटर इंधन मावतं, वजन साधारण १४५ टन. मुंबई–न्यूयॉर्कला त्यातलं शंभर टनांहून जास्त जळतं. शिवाय पर्यायी विमानतळापर्यंतचं, वाऱ्याचा अंदाज चुकला तर लागणारं आणि शेवटी अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं राखीव बाळगावंच लागतं. आता अवघड भाग: इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं. ढोबळमानाने, जादा घेतलेल्या इंधनातलं तीन-चार टक्के दर तासाला ते इंधन वाहण्यातच जळतं. सोळा तासांच्या उड्डाणात दहा टन जास्त घेतलं तर पोहोचेपर्यंत त्यातलं निम्मं शिल्लक राहतं. म्हणूनच भरलेलं विमान सुरुवातीला तीस-एकतीस हजार फुटांवर उडतं आणि हलकं होईल तसं पायरी-पायरीने चढतं. समोरच्या पडद्यावर उंची बदलताना दिसेल, सरांनी लक्ष ठेवावं.

त्यात वळसा आला की काही दिवशी विमान एका दमात पोहोचत नाही. २०२५ मध्ये दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणारी काही उड्डाणं इंधनासाठी व्हिएन्ना, कोपनहेगनला उतरत होती. अशा वेळी बहुतेकदा प्रवासी जागेवरच बसून असतात, पण दीड-दोन तास वाढतात. मुंबईला हे कमी वेळा होतं, कारण आकाशवाट यांनी वर सांगितलंच आहे. झालंच तर आई-बाबांनी घाबरू नये, ते बिघाडाचं लक्षण नसतं.

विमानात वैमानिकांची दोन पथकं असतात, आळीपाळीने झोपतात. त्यांच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा आहे. उड्डाणाआधीच सहा तास उशीर झाला तर कधी कधी नवे वैमानिक येईपर्यंत विमान हलत नाही, त्याचं कारणही हेच.

डॉ_शमिका

थेट असो की तोडून, चार तासांहून जास्त एका जागी बसलं की पायाच्या नसांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात दिसलं आहे. तरीही धोका लहान आहे, निरोगी माणसात अशा एका प्रवासामागे सहा हजारांत एक. म्हणून भीती नको, पण काळजी हवीच.

दोघांनाही आतल्या वाटेच्या बाजूच्या, म्हणजे आइलच्या जागा घ्या. शेजारी-शेजारी बसायच्या हट्टापायी एकाला मधली जागा देऊ नका. एकाच वाटेच्या दोन बाजूंच्या आइल जागा उत्तम. दर दोन तासांनी उठून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत एक चक्कर. बसल्या जागी पावलं वर-खाली. गुडघ्यापर्यंतचे दाबाचे मोजे, पण आधी डॉक्टरांना विचारून, कारण पायातल्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद असतील तर ते चालत नाहीत. पाणी पुरेसं, आणि झोपेच्या गोळ्या नकोत. गोळी घेतलेला माणूस सहा तास हलत नाही.

केबिनमधली हवा समुद्रसपाटीची नसते. जुन्या विमानांत ती आठ हजार फुटांवरच्या हवेसारखी विरळ ठेवतात, ७८७ आणि ए३५० या नव्या विमानांत सहा हजारांच्या आसपास. कळसूबाईचं टोक ५,४०० फुटांवर आहे. म्हणजे सगळा प्रवास कळसूबाईच्याही वर बसून. हृदय किंवा फुप्फुसाचा जुना त्रास असेल तर महिनाभर आधी तपासणी करून घ्या.

आणि इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या असतील तर वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. पश्चिमेला जाताना तो दिवस चौतीस तासांच्या आसपास लांबतो. भारतीय घड्याळाने घ्यायच्या की अमेरिकी, हे विमानात बसून ठरवायची गोष्ट नाही. औषधं हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट.

जुना_दादरकर

धागा वाचून मन भरून आलं. थोडी जुनी माहिती देतो. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ सांताक्रूझहून लंडनला निघालं, कैरो आणि जिनिव्हाला थांबत. १४ मे १९६० ला बोइंग ७०७ विमानांनी लंडनमार्गे न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. आणि न थांबता मुंबई–न्यूयॉर्क १ ऑगस्ट २००७ पासून, ७७७-२०० एलआर विमानाने. अंतर तेच साडेबारा हजार, पण ते एका उडीत घेता येईल असं विमान यायला पहिल्या सेवेपासून सत्तेचाळीस वर्षं गेली.

सध्या जगात नियमित थेट उड्डाणांत सर्वांत लांब सिंगापूर–न्यूयॉर्क, १५,३०० किमीच्या वर, अठरा-एकोणीस तास. त्यापुढे आपले सोळा बरे म्हणायचे.

रेवदंडेकर

पुण्याहून निघणाऱ्यांनी घरापासून घरापर्यंत मोजावं असं मला वाटतं. कोथरूड ते मुंबईचं टर्मिनल दोन, दीडशे-एकशेसाठ किमी. घाटात अडकलं तर चार तास. तीन तास आधी पोहोचायचं. मग सोळा-साडेसोळा. पलीकडे दीड तास रांग आणि सामान. सव्वीस तासांच्या घरात जातं. आदल्या दिवशी दुपारी मुंबईत कुणाकडे मुक्कामाला जाता आलं तर म्हाताऱ्या माणसांसाठी तेच सर्वांत मोठं सुख. मध्यरात्रीच्या विमानासाठी संध्याकाळी द्रुतगती मार्गावर निघणं टाळाच.

जर्सीकर

रेवदंडेकरांना अनुमोदन. आणि पलीकडची बाजू: एडिसनला न्यूअर्क तीसेक किमी, केनेडी साधारण दुप्पट आणि वाटेत ब्रुकलिनची गर्दी. तिकिटात थोडासाच फरक असेल तर न्यूअर्कच घ्या.

मोगरा२१

प्रशांतवरचं उदाहरण वाचलं, शंका फिटली. नियोजन, धन्यवाद. सायली, मी आधी युरोपच्या बाजूने होते, पण आई-वडील पहिल्यांदाच जातायत आणि सोबत कुणी नाही, तर मीही थेटच सुचवेन. परतीला बहीण बरोबर येणार असेल तर तेव्हा लंडनमार्गे आणा. तेव्हा सोबत असेल आणि त्यांना सवयही झालेली असेल.

सायली_कोथरूड

सगळ्यांचे खूप आभार. आज ठरलं. जाताना थेट, मुंबई ते न्यूअर्क, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. दोघांनाही आइलच्या जागा मिळाल्या आणि व्हीलचेअर नोंदवली आहे. आदल्या दिवशी ठाण्याला मावशीकडे मुक्काम. परतीचं तिकीट बहिणीच्या रजेवर अवलंबून आहे, ती आली तर युरोपमार्गे.

बाबांनी उड्डाणासाठी वेगळी वही केली आहे. समोरच्या पडद्यावर दिसणारा जमिनीवरचा वेग, उंची आणि बाहेरचं तापमान दर तासाला लिहून ठेवणार आहेत. आईने त्यांना तीच चक्कर मारायची वेळ असं सांगून ठेवलंय.

एकच शंका उरली. आम्ही डिसेंबरमध्ये बघितलं तेव्हा निघायची आणि पोहोचायची वेळ यांत जो फरक दिसत होता, तो मार्चच्या तारखेला एका तासाने वेगळा दिसतोय. उड्डाण लांबलं का?

उड्डाण_नियोजन

नाही, उड्डाण तेवढंच आहे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. तुमची तारीख बदलानंतरची आहे. समजा विमान रात्री दीडला निघालं आणि सोळा तास लागले, तर आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. न्यूअर्कला हिवाळ्यात सकाळचे सात असते, तुम्हाला आठ दिसतील.

बहिणीला सांगा, तिकिटावरची वेळ धरून घरून निघू नकोस. विमान उडाल्यावर तीन-चार तासांनी विमानाचा क्रमांक टाकून पोहोचण्याचा अंदाज बघ, तोवर त्या दिवशीचा वारा त्यात आलेला असतो. त्यात इमिग्रेशन आणि सामानाचा दीड तास मिळव. सरांच्या वहीतले आकडे इथे टाकायला विसरू नका, मी त्यावरून प्रत्येक टप्प्यावर वारा किती होता ते काढून देईन.